मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर: छोटी साउंड सिस्टीम जोडताना

एक मिक्सर, दोन टॉप (मधले आणि वरचे स्वर वाजवणारे मुख्य स्पीकर), एक सबवूफर म्हणजेच सब (फक्त खालचे स्वर, म्हणजे बेस, वाजवणारा स्पीकर) आणि त्यांना पुरेल असा ॲम्प्लिफायर (ॲम्प) एवढ्या सामानावर मध्यम आकाराच्या सभागृहातला गाण्याचा कार्यक्रम नीट पार पडतो. सामान थोडे असले तरी ते पहिल्यांदा जोडणारा माणूस हमखास गोंधळतो, कारण प्रत्येक उपकरणाच्या पाठीमागे सारख्याच दिसणाऱ्या सॉकेटांची रांग असते आणि त्यांतल्या जवळजवळ कोणत्याही दोन सॉकेटांमध्ये एकच वायर बसते. वायर बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली असे मात्र नसते. या कामातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: ज्या सॉकेटमधून आपण वायर काढतो तिथून किती ताकदीचा सिग्नल बाहेर पडतो आणि ज्या सॉकेटात ती घालतो त्याला किती ताकदीचा सिग्नल हवा आहे, याचा विचार केलेला नसतो. प्रत्येक वायर हातात घेताना हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. मी ही सवय लावून घेतली तेव्हापासून अनोळखी सामानसुद्धा न घाबरता जोडता येऊ लागले, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आधाराने लिहिल्या आहेत.

१. सामान एका जागी मांडा

जोडायला सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी आहेत का ते पाहा.

• डावा-उजवा मेन आउट (मुख्य आउटपुट) आणि किमान एक ऑक्स आउट (निवडक चॅनल वेगळे पाठवण्याचे आउटपुट) असलेला मिक्सर
• दोन टॉप आणि एक सबवूफर
• टॉप किंवा सब पॅसिव्ह, म्हणजे आत स्वतःचा ॲम्प नसलेले, असतील तर त्यांच्यासाठी ॲम्प्लिफायर
• वेगळा क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारी गाळणी) किंवा प्रोसेसर, जर ॲम्पमध्ये किंवा सबमध्ये तो आधीच नसेल तर
• दोन्ही टोकांना एक्सएलआर (तीन पिनांचा गोल प्लग) असलेल्या वायरी, गरजेपेक्षा किमान एक जास्त
• दोन्ही टोकांना स्पीकॉन (फिरवून कुलूप बसणारा स्पीकरचा प्लग) असलेल्या जाड स्पीकर वायरी
• लॅपटॉप किंवा फोनसाठी डीआय बॉक्स (त्यांचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी)
• मल्टीमीटर, १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्च, चिकटपट्टी आणि मार्कर
• प्रत्येक उपकरणाची माहितीपुस्तिका

शेवटची वस्तू सर्वांत आधी टाळली जाते. पुस्तिका पूर्ण वाचायची गरज नाही. पाठीमागच्या सॉकेटांचे चित्र, ॲम्पला किमान किती ओहमचा भार चालतो तो आकडा आणि सबवरच्या प्रत्येक बटणाचा अर्थ, एवढी पाने वाचली तरी पुरे. वायरींच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ‘टॉप डावा’, ‘टॉप उजवा’, ‘सब’ असे लिहून ठेवा. अंधाऱ्या मंचामागे हे पाच मिनिटांचे काम फार मोलाचे ठरते.

२. सिग्नलच्या तीन पातळ्या ओळखा

माइकमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण, काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. मिक्सर त्याला वाढवून लाइन पातळीवर आणतो. व्यावसायिक उपकरणांची ठरलेली लाइन पातळी, म्हणजे +४ डीबीयू, ही १.२३ व्होल्ट भरते, तर घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही ही पातळी सुमारे ०.३२ व्होल्ट असते. ॲम्प्लिफायरच्या पुढे चित्र पूर्ण बदलते: ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे झाले, तर ॲम्पच्या टर्मिनलवर २८ व्होल्टांहून थोडे अधिक असतात आणि स्पीकरच्या वायरीतून साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो.

हे तीन आकडे लक्षात राहिले की धोका कुठे आहे ते सांगावे लागत नाही. ॲम्पच्या स्पीकर आउटमधली वायर मिक्सरच्या किंवा ॲक्टिव्ह सबच्या लाइन इनमध्ये घातली, तर दीड व्होल्टाच्या अपेक्षेने बसलेल्या सर्किटावर तीस व्होल्ट आदळतात. विशेष सावधगिरी पॉवर्ड मिक्सरच्या बाबतीत घ्यावी लागते. त्याच्या पोटातच ॲम्प असतो, आणि काही मॉडेलांवर स्पीकर आउट आणि लाइन आउट यांचे पाव इंची सॉकेट शेजारी शेजारी, दिसायला हुबेहूब सारखे असतात. तिथे सॉकेटच्या आकारावर विसंबू नका, त्याच्या खाली छापलेली अक्षरे टॉर्चच्या उजेडात वाचा. शेजारी वॅट किंवा ओहम यांचा आकडा छापला असेल, तर ते सॉकेट फक्त स्पीकरसाठी आहे.

३. सब ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह, ते ठरवा

ज्या सबला विजेची वायर लागते तो ॲक्टिव्ह. त्याच्या आत स्वतःचा ॲम्प आणि बहुधा क्रॉसओव्हरही असतो. त्याला मिक्सरमधून लाइन पातळीचा सिग्नल द्यायचा. ज्या सबच्या मागे फक्त स्पीकॉन किंवा टर्मिनल आहेत तो पॅसिव्ह. त्याला वेगळा ॲम्प लागतो आणि त्या ॲम्पच्या आधी क्रॉसओव्हर लागतो. पहिल्यांदाच सामान घेणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: शक्य असेल तर सब ॲक्टिव्ह घ्या, टॉप कोणतेही असोत. सबचा ॲम्प, त्याची मर्यादा सांभाळणारा लिमिटर आणि फिल्टर हे बनवणाऱ्याने त्याच वूफरसाठी जुळवलेले असतात आणि चुकायच्या निम्म्या जागा तिथेच कमी होतात.

साखळी मग अशी होते. ॲक्टिव्ह सब असेल तर मिक्सरच्या मेन आउटमधून सबच्या डाव्या-उजव्या इनपुटमध्ये, आणि सबच्या आउटपुटमधून टॉपच्या ॲम्पमध्ये किंवा ॲक्टिव्ह टॉपमध्ये. पॅसिव्ह सब असेल तर मिक्सर, मग क्रॉसओव्हर, क्रॉसओव्हरच्या ‘हाय’ आउटमधून टॉपचा ॲम्प आणि ‘लो’ आउटमधून सबचा ॲम्प.

४. क्रॉसओव्हर एकाच जागी ठेवा

क्रॉसओव्हरचे काम म्हणजे सिग्नलची वाटणी. ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचा भाग सबकडे आणि वरचा टॉपकडे जातो. छोट्या सिस्टीमसाठी ही सीमा ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान ठेवतात, आणि सुरुवातीला १०० हर्ट्झ हा आकडा चांगला. टॉपमधला वूफर ८ किंवा १० इंची असेल तर थोडे वर जा, १५ इंची असेल तर थोडे खाली. उताराचा, म्हणजे गाळणी किती झपाट्याने आवाज कापते याचा, पर्याय विचारला, तर दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी होण्याच्या अंतराला) २४ डेसिबल हा निवडा; त्यातल्या लिंकविट्झ-रायली प्रकारात सीमेवर दोन्ही बाजू ६ डेसिबलने खाली असतात आणि त्यांची बेरीज सपाट होते.

ॲक्टिव्ह सबच्या मागे ‘थ्रू’ आणि ‘हाय-पास आउट’ अशी दोन वेगवेगळी आउटपुट असू शकतात. थ्रूमधून आलेला सिग्नल जसाच्या तसा, खालच्या फ्रिक्वेन्सीसह पुढे जातो. हाय-पासमधून खालचा भाग गाळलेला असतो. टॉपची वायर थ्रूमध्ये घातली तर टॉपसुद्धा बेस वाजवत राहतात, त्यांच्या छोट्या वूफरची दमछाक होते आणि सब व टॉप एकाच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांत मिसळून आवाज गढूळ होतो. काही सबवर एकच आउटपुट असून शेजारच्या बटणाने ते थ्रू की हाय-पास हे ठरते, तेव्हा बटण पाहूनच वायर घाला.

उलट बाजूचा सापळाही तितकाच नेहमीचा आहे. बाहेरचा क्रॉसओव्हर १०० हर्ट्झवर, सबच्या आतला फिल्टर १०० हर्ट्झवर आणि टॉपवरचे बटणही १०० हर्ट्झवर, अशी मांडणी केली की प्रत्येक बाजू दोनदा गाळली जाते. सीमेच्या आसपास खड्डा पडतो, बेस गिटार आणि पुरुषी आवाज यांचा भरीवपणा जातो आणि माणूस सबचा आवाज वाढवत बसतो. गाळणी एकच असू द्या आणि बाकीच्या ठिकाणी ‘फुल रेंज’ किंवा ‘बायपास’ निवडा.

५. मिक्सरपासून पुढची लाइन जोडणी

इथे बॅलन्स्ड, म्हणजे शील्ड आणि सिग्नलच्या दोन तारा असलेली, वायर वापरा. एक्सएलआरमध्ये १ क्रमांकाची पिन शील्ड, २ क्रमांकाची सरळ आणि ३ क्रमांकाची उलट सिग्नलची. टीआरएस जॅकमध्ये (तीन भागांच्या पाव इंची जॅकमध्ये) हेच काम अनुक्रमे बूड, टोक आणि मधली कडी करतात. बाहेरून वायरीत शिरणारा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच येतो, पुढचे उपकरण फक्त दोन तारांमधला फरक वाढवते, त्यामुळे सारखा असलेला खरखराट वजा होऊन जातो. म्हणूनच तीस मीटरची वायरसुद्धा स्वच्छ राहते.

हाच गुण एका ठिकाणी अंगलट येतो. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून निघालेला स्टिरिओ जॅक मिक्सरच्या मोनो चॅनलच्या टीआरएस इनपुटमध्ये घातला, की टोकावर डावा आणि कडीवर उजवा सिग्नल येतो आणि मिक्सर इमानदारीने त्यांची वजाबाकी करतो. गाण्यात गायकाचा आवाज, बेस आणि किक ड्रम हे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असतात, म्हणून नेमके तेच नाहीसे होतात. वाद्ये दूरवर घुमल्यासारखी ऐकू येतात, गाणारा मात्र गायब, आणि सब जवळजवळ गप्प. असे झाले की सब तपासू नका, आधी ती वायर पाहा. उपाय सोपा आहे: एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक असलेली वायर घेऊन स्टिरिओ चॅनलच्या दोन सॉकेटांत घाला, किंवा दोन चॅनलचा डीआय बॉक्स वापरा.

सबला मोनो सिग्नल हवा म्हणून डावे आणि उजवे आउटपुट वाय वायरीने एकत्र बांधण्याचा मोहही टाळा. एका आउटपुटमधून दोन इनपुटांना सिग्नल वाटता येतो, पण दोन आउटपुटे एकमेकांना थेट जोडली तर ती एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज फाटू शकतो. मिक्सरचा मोनो आउट वापरा किंवा सबच्या दोन्ही इनपुटांत दोन वायरी द्या, बेरीज तो आतमध्ये नीट करतो.

थोडा अनुभव आला की सबला ऑक्समधून सिग्नल देऊन पाहा. मेन आउटमधून दिलेल्या सबमध्ये प्रत्येक माइकची धडधड, मंचावरच्या पावलांचा धक्का, ओठांचे ‘प’ आणि ‘भ’ सगळे जाते. त्याऐवजी पोस्ट-फेडर ऑक्समधून (ज्याची पातळी चॅनलच्या फेडरबरोबर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या बटणाबरोबर, कमी-जास्त होते) फक्त किक ड्रम, बेस, ढोलकीचा धुमा, कीबोर्ड आणि लॅपटॉपचे गाणे एवढेच सबकडे पाठवले, तर आवाजात आश्चर्य वाटावे इतका मोकळेपणा येतो. ऑक्स पोस्ट-फेडरच हवा, नाहीतर फेडर खाली केला तरी सबमधला बेस तसाच राहील. या पद्धतीत टॉप सबमधून न जाता मेन आउटवर असतात, म्हणून त्यांचा हाय-पास टॉपवर, त्यांच्या ॲम्पवर किंवा प्रोसेसरमध्ये लावायला विसरू नका.

६. ॲम्पपासून स्पीकरपर्यंत

ही पायरी सावकाश करा. पैसे जळतात ते इथेच.

ओहम म्हणजे स्पीकरचा भार. दोन ८ ओहमचे स्पीकर एका चॅनलवर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो, चार जोडले की २ ओहम. ८ आणि ४ ओहमचे दोन जोडले तर २.७ ओहमच्या आसपास येतो. आकडा जितका लहान, तितका ॲम्पमधून जास्त प्रवाह ओढला जातो. ॲम्पवर ‘किमान ४ ओहम’ लिहिले असेल, तर त्या चॅनलवर ८ ओहमचे दोनच स्पीकर, तिसरा नाही. स्पीकरच्या मागे दोन स्पीकॉन सॉकेट असतात, ती बहुतेक वेळा आतून समांतर जोडलेली असतात, त्यामुळे एकामागून एक स्पीकर जोडत गेलात तरी भार घटतच जातो.

स्पीकरवरचे लेबल गेले असेल तर मल्टीमीटर उपयोगी पडतो. सगळ्या वायरी काढून स्पीकॉनच्या १+ आणि १− या टर्मिनलांवर रोध मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ओहमच्या आसपास आकडा दाखवतो आणि ४ ओहमचा ३ ते ३.५ च्या आसपास, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. आकडा शून्याजवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा सिग्नल २+ आणि २− वर आहे. काही सबमध्ये वूफर मुद्दाम २+ आणि २− वर जोडलेला असतो, म्हणजे एकाच चार तारांच्या वायरीतून टॉप आणि सब दोन्ही चालवता येतात. सब चालत नाही अशी तक्रार असेल, तर ही शक्यता आधी तपासा.

वॅट जुळवताना फक्त सतत क्षमतेचे, म्हणजे आरएमएसचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा पीकचा असतो आणि तो सतत क्षमतेच्या चौपट असलेला नेहमी दिसतो. ४०० वॅट आरएमएसच्या सबला त्याच ओहमवर ४०० ते ६०० वॅट देणारा ॲम्प चांगला. छोटा ॲम्प सुरक्षित असतो, हा समज खोटा आहे. अपुरा ॲम्प लोक शेवटपर्यंत पिळतात, तो क्लिप होतो, लहरींची टोके कापली जातात, सरासरी शक्ती वाढते आणि त्यात तयार होणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सी टॉपच्या नाजूक ट्विटरची (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) कॉइल जाळतात. मोठ्या ॲम्पनेही स्पीकर जळतो, पण ते चालवणाऱ्याच्या अतिरेकाने.

ब्रिज मोडमध्ये दोन चॅनल मिळून एका स्पीकरला चालवतात आणि प्रत्येक चॅनलला अर्धाच भार दिसतो. ४ ओहमचा सब ब्रिजवर लावला म्हणजे प्रत्येक चॅनलला तो २ ओहमसारखा वाटतो. म्हणून ब्रिज मोडसाठी पुस्तिकेत दिलेला किमान ओहम वेगळा आणि मोठा असतो, तो शोधूनच बटण सरकवा, आणि बटण सरकवताना ॲम्प बंद असू द्या.

वायरीच्या जाडीबद्दल थोडे हिशेबाने बोलू, कारण हा हिशेब फारसा कोणी करत नाही. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीची २० मीटर लांबी घेतली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते आणि तिचा रोध साधारण ०.२८ ओहम येतो. ४ ओहमच्या सबला यामुळे मिळणारी शक्ती सुमारे १२ टक्क्यांनी घटते. तीच वायर १ चौरस मिलिमीटरची असेल, तर रोध ०.६९ ओहम होतो आणि सुमारे २७ टक्के शक्ती स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. शिवाय वूफरवरचा ॲम्पचा ताबा सैल पडतो आणि बेस लांबट ऐकू येतो. ॲम्प स्पीकरजवळ ठेवून लाइनची वायर लांब आणि स्पीकरची वायर आखूड ठेवणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. आणि गिटारची वायर, दोन्ही टोकांना पाव इंची जॅक आहे एवढ्यावरून, स्पीकरला कधीही लावू नका. तिच्यातली आतली तार बारीक असते, ती तापते आणि शॉर्ट होऊन ॲम्प घेऊन जाते.

स्पीकॉन आत सारून उजवीकडे फिरवल्यावर ‘टक’ असा आवाज येऊन कुलूप बसते. तो आवाज आला नाही तर वायर लावली असे समजू नका, पहिल्याच धक्क्याला ती निघेल.

पोलॅरिटी, म्हणजे + आणि − टोके बरोबर जोडली आहेत का, हे तपासण्यासाठी १.५ व्होल्टचा सेल लागतो. ॲम्पपासून सुटलेल्या वायरीच्या मोकळ्या टोकांना सेल क्षणभर टेकवा, धन टोक + ला. वूफरचा पडदा बाहेरच्या बाजूला उसळला पाहिजे. जाळीतून दिसत नसेल तर टॉर्च तिरपा धरा. एक स्पीकर बाहेर आणि दुसरा आत उसळत असेल, तर कुठल्यातरी वायरीची टोके उलट जोडलेली आहेत. ही चाचणी पूर्ण बॉक्सवर किंवा वूफरवर करा. सुट्या ट्विटरला सेल लावू नका. ॲक्टिव्ह बॉक्सला ही चाचणी लागू नाही.

७. वीज आणि अर्थिंग

मिक्सर, ॲम्प, सब, लॅपटॉप, सगळ्यांना शक्यतो एकाच जागेवरून वीज द्या. दोन वेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला, तरी तो सिग्नलच्या शील्डमधून वाहू लागतो आणि स्पीकरमधून गुणगुण येते. ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणे किंवा तिच्यावर टेप लावणे हा उपाय जिवावर बेतू शकतो. उपकरणात बिघाड झाला तर त्याचा धातूचा सांगाडा विजेवर येईल आणि माइक हातात धरलेल्या गायकाच्या शरीरातून ती वीज जमिनीकडे वाहील. मंचावर सर्वांत हळवे साधन माणसाचे शरीर आहे. वायरी तपासायला मिळणारा वेळ कितीही अपुरा वाटला, तरी अर्थिंग काढू नका.

विजेच्या वायरी आणि सिग्नलच्या वायरी समांतर एकत्र बांधू नका. ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा. ॲम्पच्या पंख्यासमोर आणि मागे हवा खेळायला जागा सोडा.

८. चालू करण्याचा क्रम आणि गेन

चालू करताना सिग्नलच्या वाटेने जा: आधी वाद्ये आणि लॅपटॉप, मग मिक्सर, मग क्रॉसओव्हर, शेवटी ॲम्प आणि ॲक्टिव्ह बॉक्स. मिक्सर चालू होताना त्याच्या आउटपुटवर धक्का येतो, तो धक्का वूफरपर्यंत पोहोचू द्यायचा नसेल तर ॲम्प शेवटीच हवा. ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय (काही माइकना मिक्सरमधून मिळणारी वीज) चालू किंवा बंद करताना तो चॅनल म्यूट करा.

गेन, म्हणजे चॅनलच्या सुरुवातीलाच सिग्नल किती वाढवायचा ते, लावण्याची रीत अशी. मेन फेडर खाली ठेवा. एका चॅनलचे पीएफएल बटण (फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर दाखवणारे) दाबा आणि गायकाला कार्यक्रमात गातो तसेच, पूर्ण आवाजात गायला सांगा. ‘हॅलो, चेक’ म्हणताना माणूस नेहमी हळू बोलतो. गेन इतका वाढवा की मीटर सरासरीने शून्याच्या आसपास राहील आणि लाल दिवा कधीच लागणार नाही. डिजिटल मिक्सरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा, म्हणून तिथे सरासरी −१८ च्या आसपास ठेवा. मग चॅनलचा फेडर ० च्या खुणेवर, मेन फेडरही ० जवळ, आणि आता ॲम्पचे बटण हळूहळू उघडत सभागृहाला हवा तेवढा आवाज मिळवा.

ॲम्पचे बटण किती वॅट मिळतील हे ठरवत नाही, ते फक्त आत येणारा सिग्नल कमी-जास्त करते. मिक्सर गरजेपेक्षा हळू आणि ॲम्प पूर्ण उघडा ठेवला तर सतत सळसळ ऐकू येते. मिक्सर लालभडक आणि ॲम्प थोडासा उघडा असेल, तर आवाज ॲम्पपर्यंत पोहोचायच्या आधीच फाटलेला असतो आणि कितीही हळू केला तरी तो फाटलेलाच ऐकू येतो. गायकांच्या चॅनलवर लो-कट (खालचे स्वर गाळणारे बटण) लावा.

९. सब आणि टॉप एकमेकांशी जुळवा

सब कुठे ठेवायचा हे आधी ठरवा, कारण जागा चुकली तर बटणांनी ती दुरुस्त होत नाही. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. सब भिंतीपासून साधारण ८५ सेंटिमीटर पुढे असेल, तर भिंतीवरून परतणारा ध्वनी १.७ मीटर, म्हणजे अर्धी लहर, मागे पडतो आणि समोरच्या बाजूला १०० हर्ट्झ खोडला जातो. सब भिंतीला खेटून ठेवला, तर उलट बेसला जोर मिळतो. कोपऱ्यात तो आणखी वाढतो, पण घुमतोही, म्हणून लहान खोलीत कोपरा टाळा. दोन सब असतील तर ते मंचाच्या दोन टोकांना ठेवण्यापेक्षा मध्यभागी शेजारी शेजारी ठेवा. दूर ठेवले की काही खुर्च्यांवर बेस दणदणीत आणि शेजारच्या रांगेत गायब, अशी स्थिती होते. सब आणि टॉप पुढे-मागे फार सरकू देऊ नका. दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद उशीर होतो.

आता फेज, म्हणजे सब आणि टॉप यांच्या लहरी एकमेकींना साथ देतात की खोडतात. सबवरच्या ०/१८० या बटणाची किंमत अनेकांना कळत नाही. टॉप आणि सब दोन्ही चालू ठेवून क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा, सलग स्वर हळू आवाजात वाजवा, श्रोत्यांच्या मधल्या जागी उभे राहा आणि दुसऱ्या माणसाला बटण सरकवायला सांगा. ज्या बाजूला स्वर मोठा ऐकू येतो ती बाजू बरोबर. फरक स्पष्ट असतो. एका बाजूला स्वर छातीवर येतो आणि दुसऱ्या बाजूला पोकळ होतो. फरकच जाणवत नसेल, तर सब आणि टॉप वेळेत पाव लहरीने मागे-पुढे आहेत, सब थोडा सरकवून किंवा डिले देऊन पुन्हा तपासा.

शेवटी सबची पातळी. सब पूर्ण खाली घेऊन ओळखीचे गाणे टॉपवर लावा, मग सब हळूहळू वाढवा. डोळे मिटल्यावर बेस टॉपमधूनच येतो असे वाटले पाहिजे. सबच्या बॉक्सकडे बोट दाखवता येत असेल, तर तो एक तर जास्त मोठा आहे किंवा क्रॉसओव्हर फार वर आहे. मग कुणाला तरी माइकवर नुसते बोलायला लावा. बोलण्यात गुरगुर आली तर सब कमी करा. नव्या माणसाची ओढ नेहमी बेस वाढवण्याकडे असते, म्हणून पहिल्यांदा बरा वाटला त्याहून थोडा कमीच ठेवा; सभागृह माणसांनी भरले की टॉपचा वरचा आवाज शोषला जातो, बेस मात्र तसाच राहतो आणि जास्त जाणवू लागतो.

१०. गुणगुण आली तर

अंदाजाने वायरी उपटू नका, साखळीच्या शेवटापासून सुरुवात करा. वायर काढताना-घालताना दर वेळी ॲम्पचे बटण खाली घ्या. ॲम्पच्या इनपुटची वायर काढा. गुणगुण तशीच असेल तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे. थांबली, तर वायर परत लावा आणि एक पाऊल मागे, क्रॉसओव्हरच्या इनपुटवर या. असे मागे जात मिक्सरपर्यंत पोहोचलात की एकेक चॅनल म्यूट करा. विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींत असते, तिचा सूर जाड. कर्कश चरचर येत असेल तर ती बहुधा दिव्यांच्या डिमरमधून किंवा लॅपटॉपच्या चार्जरमधून येते. चार्जर काढल्याबरोबर आवाज थांबला, तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घाला आणि त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबा. हे बटण फक्त सिग्नलची शील्ड तोडते, विजेचे अर्थिंग शाबूत राहते, म्हणून ते निर्धास्त वापरता येते.

११. बंद करताना

क्रम उलटा. आधी ॲम्प आणि ॲक्टिव्ह बॉक्स बंद करा, त्यांचे दिवे पूर्ण विझेपर्यंत थांबा, कारण आतले कपॅसिटर काही सेकंद भारित राहतात; मग क्रॉसओव्हर, मग मिक्सर. एकाच मुख्य स्विचवरून सगळे एकदम बंद करू नका. वायरी गुंडाळताना कोपरावर पिळू नका, एक वेढा सरळ आणि एक उलटा घालत मोकळ्या वेटोळ्यात ठेवा. जी वायर कार्यक्रमात खरखरली तिच्या टोकाला लगेच गाठ मारून ती वेगळी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ती चुकून चांगल्या वायरींत जाणार नाही.